तीन नगांचं क्लच किट: माल चांगला, पायलट बेअरिंग मात्र वेगळं घ्या

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटवर दाब देणारं) असं ट्रकचं हे किट. क्लच प्लेट इनपुट शाफ्टच्या (गिअरबॉक्समध्ये फिरणं नेणाऱ्या दांड्याच्या) स्प्लाइनवर, म्हणजे खाचांवर, अलगद सरकते, अस्तर सगळीकडे सारखं जाड. इनपुट शाफ्टचं इंजिनकडचं टोक धरणारं पायलट बेअरिंग डब्यात नाही, ही मोठी उणीव.

घरी क्लच बदलल्यावर आवाज आला तर लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. आधी गिअरबॉक्सचा फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) उघडा: तेल भोकाच्या कडेला टेकलेलं हवं. बॉक्स काढताना सांडलेलं तेल भरायचं हमखास राहतं. मग इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. क्लच पेडल दाबताच खरखर सुरू झाली तर दोष रिलीज बेअरिंगचा. दाबल्यावर घरघर थांबली तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून, गिअर टाकून उभ्या गाडीत किरकिर आली, तर बहुधा जुनंच ठेवलेलं पायलट.