होम लोन लवकर फेडायचंय: ओव्हरड्राफ्टवालं घ्यावं की साधं घेऊन पार्ट पेमेंट करावं?

आमच्या ऑफिसातल्या एका पोरानं दिवाळीत जुळे सोलापुरात फ्लॅट बुक केला आणि डबा खाता खाता विचारलं, "सर, ओडीवालं लोन घेऊ का साधं?" (ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट. आणि साध्या कर्जात हप्त्याखेरीज मुद्दलात एकरकमी जादा भरतात, ते पार्ट पेमेंट.) मी दोन्ही वापरलेली असल्यामुळं असले प्रश्न माझ्याकडंच येतात. त्याला अर्धा तास जे सांगितलं तेच इथं जरा नीट लिहितोय. सुरुवातीच्या हप्त्यात व्याजच जास्त कसं जातं आणि फ्लोटिंग रेट म्हणजे काय, हे ठाऊक आहे असं धरतो.

आधी माझं प्रकरण. जून २०१८ मध्ये २५ लाखांचं, २० वर्षांचं कर्ज घेतलं, ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं. साडेतीन वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये ते दुसऱ्या बँकेत नेऊन साधं करून घेतलं. बदलताना प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, गहाणखताची स्टॅम्प ड्युटी असा खर्च झाला. तो मी धरून चाललो होतो, तरी चेक लिहिताना जिवावर आलंच.

कागदावर बघाल तर ओडी जिंकतं, हे आधीच कबूल करतो. हातात जादा पैसा आला की मोबाईलवरून कर्जखात्यात टाकायचा, त्या दिवसापासून तेवढ्यावरचं व्याज थांबलं. लागला तर परत काढायचा, कुणाला विचारायला नको. व्याजदर साध्या कर्जापेक्षा थोडा जास्त असतो, पण खात्यात बऱ्यापैकी पैसा पडून राहत असेल तर तो फरक भरून निघतो.

आणि ते नुसतं कागदावरच चांगलं नव्हतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यानं चार महिने अर्धा पगार दिला. मी ओडीतून टप्प्याटप्प्यानं १ लाख २० हजार काढले. घरखर्च चालला, हप्ता एकही चुकला नाही. रिझर्व्ह बँकेनं त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत दिली होती. शेजारच्या विंगमधल्या दोघांनी ती घेतली, आणि त्या सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात चढलं. मला ती वेळ आली नाही. त्यामुळं ज्याचा पगार हलता आहे, ज्याचा धंदा आहे, ज्याचं सुताच्या भावावर सगळं अवलंबून आहे, त्यानं माझं पुढचं ऐकलं नाही तरी चालेल.

मग मी बदललं का? त्याला आमचे अण्णा कारण.

अण्णा मिलमधले. मिल बंद पडली तेव्हा त्यांच्या डोक्यावर पतसंस्थेचं कर्ज होतं, आणि ते त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात पाळ्या करून फेडलं. तेव्हापासून कर्ज या गोष्टीबद्दल त्यांचा एकच प्रश्न असतो, आणि तो दर महिन्याच्या पाच तारखेला, हप्त्याचा एसएमएस वाजला की येतो. "किती राहिलं रे?"

ओडी असताना मला या प्रश्नाचं उत्तर कधीच देता आलं नाही. एकदा ॲप उघडून त्यांच्यासमोरच धरलं. मर्यादा साडेबावीस लाख, वापरलेली अठरा लाख, उपलब्ध साडेचार लाख. अण्णांनी चष्मा वर केला, तिन्ही आकडे वाचले आणि म्हणाले, "म्हणजे बँक तुला अजून साडेचार लाख द्यायला बसलीय?"

मी म्हटलं, तसं नाही, ते आपणच भरलेत.

"मग ते काढता येतात?"

येतात.

"मग ते फिटलं कसं म्हणायचं?"

मी बी.कॉम. झालेला, रोज लेजर बघणारा माणूस. मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री स्टेटमेंट घेऊन बसलो. मर्यादा दर महिन्याला मूळ तक्त्याप्रमाणं थोडी थोडी उतरत होती, मी वरून टाकलेले पैसे बाजूला दिसत होते. व्याज वाचत होतं हे नक्की, पण माझ्या बँकेच्या कागदावर मुदत जशीच्या तशी, जून २०३८! कर्ज आता नेमकं कधी संपणार हे स्टेटमेंटमध्ये कुठंच नव्हतं. एक्सेलमध्ये मांडून मलाच काढावं लागायचं, आणि मध्ये एकदा पैसे काढले की ते गणितही मोडायचं. सांगायला लाज वाटते, पण 'उपलब्ध' असं लिहिलेला पैसा उपलब्धच वाटतो. त्यातले ८० हजार मेहुण्याला सूत उचलायला दिले होते. सात महिन्यांनी परत आले, बिनव्याजी. व्याज अर्थातच मी भरलं.

तर माझ्यापुरतं कारण एवढंच की मला आकडा सांगता येत नव्हता. हे कारण कुणाला हास्यास्पद वाटेल, वाटू दे.

साडेचार लाख मुद्दलात वळवून १८ लाखांचं साधं कर्ज केलं, १५ वर्षांचं, दर ६.८ टक्के, हप्ता १५,९७८. पहिला हप्ता गेला आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर अण्णांनी स्वतः लिहिलं: १७९.

साधं कर्ज गुणाचं आहे असं मात्र समजू नका. मी बदललं आणि मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो (बँकांना ती ज्या दरानं पैसे देते तो दर) वाढवायला घेतला, ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत थेट ६.५. माझा दर ९.३ वर गेला. हप्ता तेवढाच राहिला म्हणून मी निर्धास्त होतो. एप्रिलमध्ये सहज बघितलं, तर उरलेले हप्ते १६६ हवेत तिथं २३६! मला न विचारता मुदत ताणली होती. (ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेनं कर्जदाराला विचारलं पाहिजे. आमचं व्हायचं ते त्याआधीच होऊन गेलं होतं.) अण्णांना सांगायचं धाडस दोन दिवस झालं नाही.

पण आकडा दिसला म्हणून चटका बसला, आणि चटका बसला म्हणून हातपाय हलवले. जुना हप्ता २२ हजारांचा होता. नवा मुद्दाम हलका ठेवला होता आणि सुटलेल्या सहा हजारांची सोळा जणांची भिशी लावली होती. ती ९६ हजारांची भिशी नेमकी तेव्हाच लागली. त्यात बोनसचे ५४ हजार घातले आणि दीड लाख भरले.

आता लक्ष द्या, कारण पार्ट पेमेंटमधली खरी मेख इथंच आहे. पैसे भरल्यावर दहा दिवसांनी एसएमएस आला: आपला नवीन हप्ता १४,५९३ रुपये. म्हणजे त्यांनी हप्ता कमी केला आणि मुदत तशीच ठेवली. मी शाखेत गेलो. "सिस्टीम बाय डिफॉल्ट तसंच घेते, सर." अर्ज दिला. पुढच्या महिन्यात पुन्हा १४,५९३ च कापले. परत गेलो, तर ज्यांच्याकडं अर्ज होता त्यांची बदली झालेली. तिसऱ्या खेपेला अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घेतली, तेव्हा काम झालं. एप्रिल-मे मधलं सोलापूरचं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला या तीन खेपा काय ते कळेल.

खेपा मारल्या, कारण फरकच तसा होता. हप्ता तोच ठेवल्यावर २३६ चे १८८ झाले. दीड लाखात ४८ हप्ते गेले, म्हणजे साडेसात लाखांच्या वर देणं टळलं. हप्ता कमी करून घेतला असता तर महिन्याला १,३८५ रुपये सुटले असते, २३६ महिन्यांचे मिळून सव्वातीन लाख. जाणकार म्हणतील की ते १,३८५ दर महिन्याला परत कर्जातच टाकले तर हिशेब सारखाच येतो. बरोबर आहे. पण १,३८५ रुपये आमच्या घरात महिन्याच्या बारा तारखेपर्यंतसुद्धा दिसत नाहीत.

म्हणून साधं कर्ज घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी अर्ज द्या, त्यात "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" हे वाक्य घाला आणि पोच घ्या. काही ठिकाणी जादा भरलेली रक्कम आगाऊ हप्ते म्हणून नुसती धरून ठेवतात, तेही विचारून घ्या. दंडाची भीती नको. वैयक्तिक फ्लोटिंग होम लोनला मुदतपूर्व फेडीचा आकार लावायला रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१२ मध्येच मनाई केली आहे. फिक्स्ड रेट असेल तर करारपत्र वाचा. आणि खेपांचा कंटाळा असेल तर माझ्यासारखं वर्षातून एकदाच, भिशी किंवा बोनसच्या वेळी भरा. दर महिन्याला हजार-दोन हजार टाकायचे असतील तर, पुन्हा कबूल करतो, ओडीसारखं सोपं काही नाही.

टॅक्सचं थोडक्यात. जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, आणि पार्ट पेमेंटचं मुद्दल ८०सी कलमाच्या दीड लाखाच्या वजावटीत बसतं. ओडीत ठेवलेले पैसे फेड म्हणून दाखवता येत नाहीत. नव्या पद्धतीत राहत्या घराला यातलं काहीच नाही, त्यामुळं "व्याज भरत राहा, टॅक्स वाचतो" हा सल्ला देणाऱ्यानं आधी स्वतःचा फॉर्म बघावा. राहिला एसआयपीचा, म्हणजे तोच पैसा दर महिन्याला म्युच्युअल फंडात टाकायचा मुद्दा. पंधरा वर्षांत कर्जाच्या दरापेक्षा जास्त मिळेलही. मी थोडी करतो. पण अण्णांना एनएव्ही (फंडाच्या युनिटचा भाव) विचारायची सवय नाही.

साध्या कर्जात गेलेला पैसा परत येत नाही, ही उणीव मी लाखभराची एफडी बाजूला ठेवून भागवली. तिचं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमी, म्हणजे वर्षाला थोडं नुकसान मी जाणूनबुजून सोसतो. लॉकडाऊन बघितलेल्या माणसानं ते सोसावं असं मला वाटतं.

त्यानंतर २०२४ आणि २०२५ मध्ये लाख-लाख भरले. २०२५ मध्ये रेपो फेब्रुवारी ते डिसेंबर ६.५ वरून ५.२५ वर आला, तेव्हाही हप्ता हलू दिला नाही. आमच्या ऑफिसातल्या पोराला मी ओडी घेऊ नको असं म्हटलं नाही. त्याची बायको नोकरी करते, दोघांनाही इन्सेंटिव्ह असतो, कदाचित त्याला तेच सोयीचं पडेल. फक्त एवढं विचारलं, की तुझ्या घरात "किती राहिलं?" असं विचारणारं कुणी आहे का? त्यानं सासऱ्यांचं नाव घेतलं आणि हसला.

या महिन्याच्या पाच तारखेला अण्णांनी जुना आकडा खोडून कॅलेंडरवर १०९ लिहिलं. एरवी ते आकडे इतके मोठे काढत नाहीत, पण ९ चांगला ठसठशीत काढलाय.