बातम्या आणि इतिहास: खाजगी चॅनेल लावायचं की दूरदर्शन-संसद? लॉकडाऊनमधल्या अनुभवावरून

घरी वयस्कर आईवडील आहेत, एखादं पोर एमपीएससी नाहीतर यूपीएससीच्या मागे लागलंय आणि टीव्ही एकच आहे, तर बातम्या, चर्चा आणि इतिहास यासाठी खाजगी मराठी न्यूज चॅनेल लावून ठेवायचं की दूरदर्शन आणि संसदेचं चॅनेल, असं हल्ली ओळखीतल्या काही जणांनी विचारलं म्हणून हे लिहितोय. पॅक, किंमत, एचडी वगैरे सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. माझं मत २०२० आणि २०२१ मध्ये बनलं, कारण तेव्हा टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असायचा आणि दोन्ही प्रकार घरात पोटभर बघून झाले.

आधी खाजगी चॅनेलच्या बाजूने बोलतो, कारण त्यांचं देणं मोठं आहे. आपल्या जिल्ह्यात काय चाललंय, कुठला भाग सील झाला, बाजार समिती उद्या उघडणार का, हे दिल्लीच्या कुठल्याही चॅनेलने आपल्याला सांगितलं नसतं. ८ मे २०२० ला छत्रपती संभाजीनगरजवळ (तेव्हाचं औरंगाबाद) करमाडपाशी रुळावर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं, तेव्हा तिथे पोचून दाखवणारे मराठी रिपोर्टर होते. पुढच्या वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनची गळती होऊन माणसं गेली तेव्हाही तसंच. मास्क लावून, गावोगाव फिरून त्या पोरापोरींनी जे काम केलं त्याला तोड नाही, आणि सरकारी चॅनेलवर या बाबतीत, निदान मला तरी, फार कमी मिळालं. चालत निघालेल्या मजुरांचे हाल मी जे काही बघितले ते खाजगी चॅनेलवरच बघितले. त्यामुळे कोणी म्हणालं की मला माझ्या तालुक्याची बातमी हवी, तर मी वाद घालणार नाही, त्याने खाजगी चॅनेलच ठेवावं.

पण मला एका गोष्टीचा फार त्रास झाला आणि शेवटी त्या एका गोष्टीवरच आमच्या घरचा निर्णय झाला. ती म्हणजे बोलणाऱ्या माणसाचं वाक्य मध्येच कापणं.

आठवत असेल, तेव्हा रोज दुपारी चारच्या सुमारास दिल्लीतून आरोग्य मंत्रालयाचं ब्रीफिंग असायचं. मंत्रालयाचे सहसचिव लव अग्रवाल आकडे सांगायचे आणि आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडून बऱ्याचदा डॉ. रमण गंगाखेडकर असायचे, आपलेच, आधी पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत होते. शांतपणे, एकेक मुद्दा उलगडून सांगायची त्यांची पद्धत. २१ एप्रिल २०२० ला गंगाखेडकरांनी सांगितलं की रॅपिड अँटीबॉडी किट राज्यांनी दोन दिवस वापरू नयेत. आम्ही तेव्हा ज्या खाजगी चॅनेलवर होतो तिथे एवढं वाक्य झालं आणि लगेच स्टुडिओ, मोठ्या अक्षरात ब्रेकिंग, किट सदोष, आणि मग चार चौकटींत चार जण एकमेकांवर तुटून पडलेले. आई घाबरून विचारायला लागली की म्हणजे आपल्याकडे झालेल्या सगळ्या टेस्ट खोट्या का? मी डीडी न्यूज लावलं तर तिथे ते अजून बोलतच होते. एका राज्याकडून तक्रार आली, मग आणखी राज्यांना विचारलं, आरटीपीसीआरमध्ये पॉझिटिव्ह आलेल्यांचे नमुने या किटवर तपासले तर कुठे ६ टक्के तर कुठे ७१ टक्के जुळतात, इतका फरक चालणार नाही, म्हणून आधी तपासतो आणि मग सांगतो. शिवाय हे किट निदानासाठी नाहीच, साथ किती पसरलीय ते बघायला आहे, निदान आरटीपीसीआरनेच होतं. आईच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं त्या शेवटच्या भागात होतं, आणि तोच भाग कापला गेला होता.

एकदा हे लक्षात आल्यावर मग ते सारखं दिसायला लागलं. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांचं फेसबुक लाइव्ह सगळेच दाखवायचे, ते निदान अख्खं दाखवायचे, पण तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे पत्रकारांशी बोलत असले की जालन्याचा आकडा सांगून होईपर्यंत खालची पट्टी, बाजूचा नकाशा आणि अँकरचा आवाज तिन्ही वर चढलेले. डॉक्टर फोनवर घेतले तरी त्यांना दुसरं वाक्य मिळेलच याची खात्री नाही. साथीच्या काळात माणूस आधीच धास्तावलेला असतो, त्याला अर्धं वाक्य ऐकवलं की उरलेलं तो स्वतःच्या भीतीने भरतो, हे मी घरात रोज बघत होतो. सगळी चॅनेल अशीच आहेत असं म्हणणार नाही, वेळ वेगळी असेल, अँकर वेगळा असेल तर तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. आमचा असा होता.

आता दूरदर्शन. २४ मार्चला लॉकडाऊन जाहीर झाला आणि २८ मार्चपासून डीडी नॅशनलवर सकाळी नऊ आणि रात्री नऊला रामायण, डीडी भारतीवर दुपारी बारा आणि संध्याकाळी सातला महाभारत सुरू झालं. चाणक्यही त्याच काळात परत लागली. खाजगी मनोरंजन चॅनेलांची शूटिंग १९ मार्चपासून थांबलेली, त्यामुळे तिकडेही जुन्या ऐतिहासिक मालिका परत, म्हणजे तुलना करायला आयतीच सोय झाली. मला जाणवलेला फरक परत तोच. खाजगी मालिकेत दरबारात एक वाक्य बोललं गेलं की प्रत्येक सरदाराचा चेहरा, ढोल, वीज, परत चेहरा, आणि त्या नादात खलित्यात नेमकं काय लिहिलं होतं ते कानावरून जातं. चाणक्य बघताना लक्ष देऊन ऐकावं लागतं, हिंदी जड आहे, पण युक्तिवाद सुरू झाला की तो संपेपर्यंत कॅमेरा थांबतो. सातला महाभारत आणि सातलाच सह्याद्रीच्या बातम्या, त्यावरून घरात रोज चर्चा व्हायची, शेवटी महाभारत दुपारी आणि संध्याकाळी सह्याद्री असं ठरलं. सह्याद्रीच्या बातम्या संथ वाटतात पण निवेदक वाक्य पूर्ण करतो आणि मग पुढच्या बातमीकडे जातो, वडिलांना ते फार मानवलं. जुलैपासून सह्याद्रीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची टिलीमिली लागायला लागली, पहिली ते आठवीच्या पोरांसाठी, शाळा बंद असताना ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथे ती किती कामाला आली असेल ते वेगळं सांगायला नको.

इतिहासाचं म्हणाल तर आमच्याकडे सगळ्यात जास्त बघितली गेली ती भारत एक खोज. प्रसार भारती अर्काइव्ह्जच्या यूट्यूबवर आहे, आम्ही टीव्हीवरच लावायचो. श्याम बेनेगलांची ५३ भागांची मालिका, १९८८-८९ची. तांत्रिकदृष्ट्या जुनी दिसते, सेट नाटकासारखे आहेत, हे मान्य. पण नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज आणि ओम पुरी औरंगजेब हे एकदा बघाच, दोघांनाही आपली बाजू मांडायला वेळ दिलाय. सदाशिव अमरापूरकरांनी महात्मा फुले केलेत. तो भाग लागला तेव्हा बाहेर साथ होती आणि आई सावित्रीबाईंबद्दल सांगत बसली, १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या आजारी पोराला स्वतः उचलून दवाखान्यात नेलं आणि त्यातच १० मार्चला त्या गेल्या. आमच्या घरातल्या पोरांना सावित्रीबाई म्हणजे मुलींची पहिली शाळा एवढंच माहीत होतं, त्या साथीत काम करता करता गेल्या हे त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात शिरलं.

तिसरा भाग संसदेच्या चॅनेलचा, आणि खरं सांगायचं तर माझा जीव तिथेच जास्त आहे. तेव्हा लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही वेगळी होती, १५ सप्टेंबर २०२१ पासून दोन्ही मिळून संसद टीव्ही झाली. राज्यसभा टीव्हीवरचे द बिग पिक्चर आणि देश देशांतर परीक्षावाल्या पोरांना नव्याने सांगायला नकोत, सदाशिव पेठेतल्या खोल्या सोडून गावी परतलेल्या किती जणांनी त्यावर नोट्स काढल्या असतील. २०२० ची यूपीएससीची पूर्व परीक्षा ३१ मेवरून ४ ऑक्टोबरला गेली, एमपीएससीची राज्यसेवा पूर्व तर ५ एप्रिल २०२० ची पुढे पुढे ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली, एवढा काळ हातात पुस्तक आणि समोर हे कार्यक्रम. तीनचार माणसं बसतात, एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात, मतभेद असले तरी समजतात.

आणि अधिवेशन. १४ सप्टेंबर २०२० ला पावसाळी अधिवेशन सुरू झालं तेव्हाची दृश्यं मी विसरणार नाही, खासदार दोन्ही सभागृहांत आणि गॅलऱ्यांत विखुरलेले, मध्ये प्लास्टिकचे पडदे, भाषणं बसून. १९ तारखेला राज्यसभेत साथरोग कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं, डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षा वाढवणारं. मूळ कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला, आणि महाराष्ट्र सरकारने मार्च २०२० मध्ये तोच लागू केला होता. म्हणजे रँड, चाफेकर, पुण्यातल्या घरझडत्या हे जे आपण शाळेत शिकलो, त्याच कायद्यावर आज दिल्लीत बोलणं चाललंय आणि आपण ते सोफ्यावर बसून अथपासून इतिपर्यंत ऐकतोय. इतिहास आणि चालू घडामोडी एकाच जागी भेटतात त्या अशा, आणि कुठलाही अँकर मध्ये नसताना ते कळतं.

पण या चॅनेलची बाजू घेताना २० सप्टेंबर लपवून चालणार नाही. शेती विधेयकांच्या दिवशी राज्यसभेत उपसभापती हरिवंश खुर्चीवर होते, विरोधक मतविभागणी, म्हणजे मतं मोजून घ्या, असं मागत होते, विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली आणि त्या गोंधळात थेट प्रक्षेपणाचा आवाजच काही वेळ बंद होता. विरोधकांनी त्यावरून रान उठवलं, दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित झाले. माझ्यासारख्याला, जो हे चॅनेल अख्खं ऐकायला मिळतं म्हणून लावतो, त्याला ते फार लागलं. कारण काहीही असो, आवाजी मतदानात आवाजच ऐकू येत नसेल तर बघणाऱ्याने काय समजायचं? शिवाय त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही घेतला नव्हता, फक्त लेखी उत्तरं होती, आणि हिवाळी अधिवेशन तर झालंच नाही. तेव्हा सरकारी चॅनेल म्हणजे सगळं मिळतं असा समज करून घेऊ नका. जे दाखवतात ते न कापता दाखवतात, पण काय दाखवायचं हे तेच ठरवतात. सत्तेला अडचणीचा प्रश्न विचारणारा अँकर तुम्हाला हवा असेल तर तो इथे नाही.

अजून एक अडचण भाषेची. संसदेचं चॅनेल हिंदी-इंग्रजी, आईला निम्मं कळायचं नाही, तिच्यासाठी सह्याद्रीच बरं. आणि अधिवेशन नसताना संसद टीव्हीवर तेच ते कार्यक्रम परत लागतात, रोज काहीतरी नवीन हवं असणाऱ्याला कंटाळा येईल.

तर ठरवायचं कसं? ज्यांचा धंदा, शेती, रोजचं येणंजाणं स्थानिक बातमीवर अवलंबून आहे त्यांनी खाजगी मराठी चॅनेल ठेवावं, पण चर्चेचे तास सोडून. घरात वयस्कर माणसं असतील, परत कधी अशी घरात बसायची वेळ आलीच, तर मी दिवसभराचा मुक्काम दूरदर्शनवर ठेवेन आणि खाजगी चॅनेलला सकाळ-संध्याकाळ अर्धा तास. आम्ही अजून तसंच करतो. परीक्षावाल्या पोरांसाठी तर माझ्या मनात शंकाच नाही, संसद टीव्ही. इतिहासाला आधी भारत एक खोज की संविधान ही मालिका असं विचाराल तर मोठ्यांनी खोजपासून आणि पोरांनी संविधानपासून सुरू करावं, दहाच भाग आहेत, बेनेगलांचीच, राज्यसभा टीव्हीने २०१४ मध्ये दाखवलेली, आणि सचिन खेडेकरांचे डॉ. आंबेडकर बघताना घटना समितीतले वाद पाठ करावे लागत नाहीत, कोण कशासाठी भांडत होतं ते लक्षात राहतं. अधिवेशन चालू असेल तेव्हा मात्र सगळं बाजूला ठेवून प्रश्नोत्तराचा तास लावा, लोकसभेचा अकराला आणि राज्यसभेचा बाराला असतो, लागोपाठ बघता येतात, फक्त नाव संसद टीव्ही असं एकच असलं तरी दोन्ही सभागृहांची चॅनेल वेगळी आहेत, तेव्हा बाराला बदलायला विसरू नका.