रंधा चौदा इंच भरला, म्हणून मी फसलो

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जुनी सुतारी हत्यारं शोधत फिरणारे माझ्या ओळखीतच सात-आठ जण आहेत. कोल्हापूरहून आणि गोव्याहूनही लोक येतात. त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. अठरा हजार रुपये गेले. ते भरून निघतील. पण ज्या कामात मी आयुष्य काढलं, त्याच कामाच्या जोरावर मला गंडवलं, हे अजून खुपतं. आणि जुना म्हणून जोडकामाचा रंधा मला विकणारा तोच माणूस तीच गोष्ट सांगत अजून फिरतोय, म्हणून गप्प बसवत नाही.

मी एकतीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काढली, सगळी पॅटर्न शॉपमध्ये. पॅटर्न म्हणजे वाळूत दाबून साचा करायचा नमुना. आधी लाकडाचे पॅटर्न, नंतर ॲल्युमिनियमचे. हातात रोज रंधा, पटाशी, कानस. आमच्या शॉपमध्ये एक जुना स्टॅनलीचा, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकन कंपनीचा, रंधा होता, थोरल्या मेस्त्रींचा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. ते निवृत्त झाले तेव्हा रंधा घेऊन गेले आणि मला तेव्हापासून तसा एक हवा होता. रिटायर झाल्यावर बाजार पालथे घालायला लागलो. भंगारवाल्यांकडे, आठवडी बाजारात गोणपाट अंथरून बसणाऱ्यांकडे, जुने वाडे पाडताना निघालेल्या सामानात. आपल्या भागात माल निघतो, कारण इथं लष्कराचा कॅम्प आहे, लोंड्याला रेल्वे आहे, आणि खानापूर-दांडेलीच्या सागवानावर कितीतरी सुतारांची घरं चाललेली आहेत.

गेल्या दिवाळीनंतर संकेश्वरच्या बाजूला एका आठवडी बाजारात तो भेटला. तिशीचा पोरगा, बोलायला गोड. समोर नळाच्या तोट्या, कुलपं, तुटके पाने. मी पटाश्या चाळत होतो तसा म्हणाला, "काका, तुम्ही जाणकार दिसताय. हे इथं सगळ्यांना दाखवत नाही मी." आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला रंधा काढला.

स्टॅनली बेली, पाच नंबर. पुढच्या मुठीपाशी बिडातच, म्हणजे ओतीव लोखंडातच, ओतलेलं नाव, आणि फ्रॉगच्या, म्हणजे पातं ज्यावर टेकतं त्या तुकड्याच्या, मागं, मधल्या खोलगट जागेत, तीन पेटंटच्या तारखा : २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२, १९ एप्रिल १९१०. अशा तीन तारखांचे रंधे स्टॅनलीनं १९१० ते साधारण १९१८ या काळात ओतले. हे मला माहीत होतं. माझे हात थरथरले, खोटं कशाला सांगू.

मग त्यानं गोष्ट सांगितली. बेळगावच्या शहापुरातला एक वाडा पाडला, तिथल्या माळ्यावर हत्यारांची पेटी निघाली. वाड्यातले पणजोबा लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावच्या कारखान्यात पॅटर्न करायला होते. लोखंडी नांगराचे पॅटर्न ह्याच रंध्यानं झालेत. बेळगावच्या माणसाला हे ऐकवल्यावर काय होतं ते सांगायला नको. १८८८ साली लक्ष्मणरावांनी इथं सायकलचं दुकान टाकलं, पुढं कडबा कापायची यंत्रं आणि नांगर केले, आजही गावात किर्लोस्कर रोड आहे. आणि मी पॅटर्नमेकर. नांगराचा पॅटर्न करणाऱ्या माणसाचा रंधा माझ्या हातात आहे, एवढंच डोक्यात राहिलं.

तरीही मी तपासलं, आणि इथंच खरी मेख आहे.

बिडाच्या कुठल्याही वस्तूची नक्कल करायची सोपी वाट म्हणजे मूळ वस्तूचाच पॅटर्न म्हणून वापर करायचा : वाळूत दाबायची आणि ओतायची. पण बीड थिजून गार होताना आकसतं, फुटाला साधारण एक अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, तेवढ्या प्रमाणात वाढवलेली. मूळ वस्तूवरून केलेली नक्कल तेवढी कमी भरणारच. चौदा इंचाचा रंधा असेल तर जवळपास पावणेचार मिलिमीटर आखूड. मी खिशातून पट्टी काढली, तळ मोजला. पूर्ण चौदा इंच. रुंदी बरोबर. अक्षरांच्या कडाही कोऱ्या, नकलेत त्या दबतात. म्हणजे बीड अस्सल. मी पट्टी खिशात ठेवली आणि तिथंच तपासणी संपवली.

बीड खरंच अस्सल होतं. बाकी काही नव्हतं.

"खोलून बघू का?" असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "काका, फ्रॉगचे स्क्रू गंजून बसलेत. जोर लावला तर बीड फुटेल. घरी नेऊन रॉकेलात ठेवा दोन दिवस." बीड ठिसूळ असतं हे मला कुणी शिकवायला नको, म्हणून ते मला पटलं. त्याला मी काय ते पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं : फौंड्रीतला, पॅटर्न शॉपचा. माझ्याच धंद्यातलं वाक्य त्यानं मला परत दिलं.

रंध्याचे साडेचौदा हजार आणि त्याच पेटीतल्या म्हणून चार पटाश्यांचे साडेतीन हजार. फोनवरून पैसे पाठवले. नाव त्याच्या सांगण्यापेक्षा वेगळंच आलं. "भावाचं खातं आहे," म्हणाला. पावती नाही.

घरी आल्यावर रात्रीच डिझेलमध्ये बुडवला. सकाळी स्क्रू अगदी सहज फिरले. गंज वरवरचा होता, चोळून लावलेला. फ्रॉग निघाला, मुठी निघाल्या, नुसता तळ हातात राहिला. फडक्यानं पुसत गेलो तशी डाव्या बाजूला, तोंडाच्या, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीच्या, कोपऱ्यातून वर चढणारी एक केसाएवढी पिवळी रेघ दिसली. पितळ. बिडाला तडा गेला होता, तो पितळेनं जोडून, घासून, वर काजळी आणि ग्रीसचा लेप दिला होता. सरळपट्टी लावली तर तळ तोंडापाशी वाकलेला. पट्टीखालून कागद आरामात जात होता. जोडताना तापवलं तेव्हा वाकला असणार.

तळ दोन बोटांवर तोलून धरला आणि टिचकी मारली. निरोगी बीड घंटेसारखं वाजतं. हे 'थप्प' वाजलं. माझी आई खानापूरच्या कुंभारांची मडकी घेताना प्रत्येक मडक्याला टिचकी मारायची, आवाज बद्द आला की खाली ठेवायची. फौंड्रीत आम्हीही कास्टिंग हातोडीनं वाजवूनच घ्यायचो. पण रंधा सगळा जोडलेला असताना वाजत नाही, पातं, फ्रॉग आणि मुठी आवाज गिळतात. म्हणूनच तो खोलू देत नव्हता.

पुढचे आठ दिवस एकेक भाग घेऊन बसलो. पातं दाबून धरणाऱ्या वरच्या झाकणावर, लिव्हर कॅपवर, स्टॅनली हे नाव होतं. तीन तारखांच्या रंध्यांच्या काळात झाकणावर नाव ओतत नव्हते, ते १९२० च्या दशकाच्या मध्यापासून आलं. त्यातही स्क्रूचं भोक काजूच्या आकाराचं होतं आणि ते १९३३ च्या सुमाराचं. आधीचं भोक चावीच्या भोकासारखं असे. पुढची मूठ उंच होती, १९१८ पर्यंतच्या रंध्यांची मूठ बुटकी आणि गोल. पात्यावर हृदयाच्या आकृतीत इंग्रजी एस आणि डब्ल्यू, म्हणजे १९२० नंतरचं, स्टॅनलीच्या दोन कंपन्या एक झाल्यावरचं. मागची मूठ शिसवीची, नवीनच घडवलेली, चहाच्या पाण्यानं की कशानं काळवंडवलेली. तिचा स्क्रू आजच्या बाजारातला. स्टॅनलीचे आटे आपल्याकडच्या स्क्रूंना जुळत नाहीत, म्हणून भोक पुन्हा टॅप मारून मोठं केलं होतं. चार-पाच मोडक्या रंध्यांचा मिळून हा एक.

आणि ती किर्लोस्करांची गोष्ट तर त्या बिडावरच खोटी ठरत होती, मला वाचता आली नाही एवढंच. किर्लोस्कर बेळगाव सोडून गेले ते १९१० साली, किर्लोस्करवाडीला. रंध्यावरचं शेवटचं पेटंट १९१० च्या एप्रिलमधलं, अमेरिकेतलं. ते मिळाल्यावर रंधा ओतला जाणार, बोटीनं मुंबईला येणार, तिथून बेळगावात पोचणार. तोवर इथला नांगराचा कारखाना उठला होता. तारीख मी बाजारात मोठ्यानं वाचली होती. मेळ घातला नाही.

पटाश्यांचं वेगळं. चारींवर इंग्रजीत मार्पल्स, शेफील्ड. विल्यम मार्पल्स हे शेफील्डचं जुनं नाव, १८२८ पासूनचं. कारखान्याचा शिक्का एकाच डायचा असतो. एकदा ठोकला की सगळी अक्षरं एका ओळीत, एका खोलीची, आणि प्रत्येक पटाशीवर तशीच्या तशी. माझ्या चार पटाश्यांवर अक्षरांमधलं अंतर चार प्रकारचं होतं. एकीवर शेवटचा एस तिरका. म्हणजे सुटे अक्षर-पंच घेऊन एकेक अक्षर ठोकलेलं. भिंग लावल्यावर आणखी एक दिसलं : गंजानं पडलेले खड्डे अक्षरांच्या आत चिरडले गेले होते. खरा शिक्का आधी पडतो, गंज नंतर चढतो, त्यामुळं खड्डे अक्षरांच्या कडा खातात. इथं क्रम उलटा होता. बोटानं चाचपलं तर अक्षरांभोवती उचललेली कड लागत होती. शंभर वर्षं हातात फिरलेल्या हत्यारावर ती कड राहत नाही.

'कास्ट स्टील' असंही ठोकलं होतं. आपल्या गावात या शब्दानं हमखास घोटाळा होतो, कारण आपल्याला कास्ट म्हटलं की ओतकाम दिसतं. जुन्या इंग्रजी हत्यारांवर त्याचा अर्थ मुशीत वितळवलेलं पोलाद, ती रीत शेफील्डच्या बेंजामिन हंट्समननं १७४० च्या दशकात बसवली. मुशीतल्या पोलादाचीही शेवटी घडवूनच पटाशी होते. विकणाऱ्यानं मला "ओतलेली पटाशी आहे काका" असं सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर उठून यायला हवं होतं.

निसण्यावर धरल्यावर मात्र त्या पटाश्या चांगल्या निघाल्या. धार टिकते. आमच्या ओळखीच्या लोहाराला दाखवल्या, त्यानं रंग आणि ठिणगी बघून सांगितलं, ट्रकच्या कमान पट्ट्यातून घडवल्यात. म्हणजे कुणातरी इथल्याच लोहारानं नीट, कष्टानं घडवलेली वस्तू. तिच्यावर तिच्या बापाचं नाव पुसून परक्याचं नाव ठोकलं. दीडशे-दोनशे रुपयाला एक अशा मी आनंदानं घेतल्या असत्या आणि लोहाराचं नाव विचारलं असतं. मला ह्याचं रंध्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

शहापूरला जाऊन वाडा शोधला. वाडा खरंच पाडलाय. त्या घरच्या आजींनी चहा दिला आणि सांगितलं, आमच्यात सुतारकाम कुणी केलं नाही, आमचा मागाचा धंदा. बाजारात तीनदा गेलो, तो दिसला नाही, फोन बंद. पोलिसात अर्ज दिला. त्यांनी सरळ प्रश्न विचारला : वस्तू काय म्हणून विकली ह्याचा कागद आहे का? नव्हता. आणि गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका ओळखीच्यांनी फोटो पाठवला. त्यांना चार नंबरचा रंधा दाखवलाय. गोष्ट तीच, वाडा आता निपाणीतला.

तेव्हा तुमच्यापर्यंत किर्लोस्करांच्या कारखान्यातला रंधा आला तर आधी खोलू द्या म्हणा. स्क्रू गंजलेत म्हणाला तर उठा, खऱ्या गंजलेल्या स्क्रूची खाच कुणीतरी आधीच चेपून ठेवलेली असते. नुसता तळ बोटावर धरून वाजवा. प्रत्येक भागाचं साल वेगळं काढा आणि मग जुळतं का बघा. एखादा भाग बदललेला असणं हा गुन्हा नाही, शंभर वर्षं वापरलेल्या हत्याराची मूठ बदललेली असणारच, पण मग किंमत तशी हवी आणि तसं सांगायला हवं. वहीच्या कागदावर लिहून मागा : काय वस्तू, कुठून आली, किती रुपये, खाली सही. प्रामाणिक भंगारवाला लिहून देतो, मला दोघांनी दिलंय. आणि तुमचा धंदा काय, तुम्हाला काय कळतं, हे पैसे देईपर्यंत सांगू नका. तुम्हाला जे तपासता येतं तेवढंच तो खरं ठेवतो.

पटाश्यांवरचं नाव मी कानशीनं घासून काढलं. भाचा अनगोळला फर्निचरचं काम करतो, त्याला दिल्या, रोज वापरतो. रंधा एकाने सात हजाराला मागितला, तडा दाखवल्यावरही. दिला नाही. त्याच्या हातून तो पुढं कुणाकडं कसा जाईल ते माहीत आहे. दोन्ही बाजूंवर, पुसता येणार नाही इतकं खोल, मशीननं कोरून घेतलं : 'जोडकाम. डावीकडं तडा.' तो माझ्या खिडकीत आहे, ज्याला बघायचाय त्यानं यावं. भिंग आणि सरळपट्टी शेजारीच ठेवलीय.