दोन टरेटचा लेथ आणि माझे गेलेले १,८७,५०० रुपये

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. तीन कामगार आणि मी. लेथवर बावीस वर्षं काढली, म्हणूनच हे लिहिताना मान खाली जाते. तरी लिहितो, कारण प्रोग्रॅम लिहून देतो म्हणून मला फसवणारा माणूस आता बुटीबोरीत गिऱ्हाईक शोधत फिरतोय.

मागच्या वर्षी दोन टरेटचा सेकंडहँड सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा लेथ घेतला, फॅनक कंपनीच्या कंट्रोलचा. टरेट म्हणजे कापायची टूल धरणारं फिरतं डोकं. वरचा टरेट बाहेरून टर्निंग करतो तेव्हा खालच्याने आतून बोअरिंग करायचं, त्यासाठीच असली मशीन घेतात. एका टरेटचा प्रोग्रॅम मी आरामात लिहितो. दोघांचं जुळवणं वेगळं काम आहे. प्रत्येकाचा प्रोग्रॅम निराळा, पण जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरवणारा स्पिंडल एकच. त्याचा स्पीड कोणत्या टूलखालच्या जॉबच्या व्यासावर ठरवायचा, कोणी कोणासाठी कुठे थांबायचं, हे बसवणारा माणूस आपल्याकडे पटकन मिळत नाही. ओळखीतून हा "स्पेशालिस्ट" आला. १,६५,००० ठरले. ॲडव्हान्स ५०,०००, डेमोनंतर ७५,०००, बाकी ४०,००० महिन्याने. पैसे बायकोच्या यूपीआयवर टाका म्हणाला. पक्कं बिल देत नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मी पाठवलं नाही.

डेमोचा दिवस अजून डोक्यातून जात नाही. जॉब लावला, कूलंट सुरू झालं, दोन्ही टरेट हलले. "पाहा भाऊ, दोन्ही चालले!" पण वरचा कापत होता तेव्हा खालचा उभा, खालचा आत गेला की वरचा उभा. स्क्रीनवर एका टरेटच्या प्रोग्रॅममध्ये वेटिंगचा एम-कोड, म्हणजे दुसरा येईपर्यंत थांब असा हुकूम, आणि कर्सर त्याच ओळीवर अडकलेला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. विचारलंही. म्हणाला, "सेफ्टी आहे भाऊ, टरेट आपटले तर लाखाचा खर्च." टरेट आपटण्याची भीती खोटी नसते, म्हणून गप्प बसलो. खिशात मोबाईल होता, पण वेळ मोजली नाही. त्या दिवशी भाचीचं लग्न होतं वर्ध्याला, घरून फोनवर फोन. ७५,००० टाकले आणि निघालो. नंतर मोजलं तर एक जॉब ११ मिनिटं ४० सेकंद. जुन्या एका टरेटच्या लेथवर तोच ११ मिनिटं ५५ सेकंदांत निघायचा!

सुधारून देतो, म्हणाला. उरलेले ४०,००० घेतले आणि चौथ्या आठवड्यात मशीन अलार्म देऊन थांबली. अलार्म नंबर ३००१, खाली "सर्व्हिसला फोन करा". त्याने "अनलॉक"चे २२,५०० मागितले. पार्टीचा माल अडकला होता, दिले. महिन्याने परत तोच अलार्म, आणि आता त्याचा फोन बंद.

दुसऱ्या एका पोराला बोलावलं. त्याने ३२०२ नंबरचा पॅरामीटर, म्हणजे मशीनची सेटिंग, बदलून ९००० च्या सिरीजमधले लपवलेले प्रोग्रॅम उघडले. आत एकच ओळ: ३०११ हे व्हेरिएबल, म्हणजे मशीनमधली तारीख, अमुक दिवसाच्या पुढे गेली की अलार्म. मशीन माझी, कुलूप त्याचं. आणि मूळ प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ऑपरेशनच्या आधी-नंतर वेटिंग कोड ठोकलेले, म्हणजे दोन टरेट एकत्र चालणारच नाहीत. कोणालाही मशीनला हात लावू देण्याआधी पूर्ण मेमरीचा बॅकअप स्वतःच्या मेमरी कार्डवर घ्या. माझं कार्ड तोच घेऊन गेला होता.

पोलीस ठाण्यात चार चकरा मारल्या. पहिल्या वेळी साहेब नव्हते. दुसऱ्या वेळी, "टरेट म्हणजे काय?" तिसऱ्या वेळी, "काम तर करून दिलं ना त्यानं, मग हा दिवाणी वाद आहे." अहो, पैसे उकळायला मशीनमध्ये कुलूप घालून ठेवलंय, हा वाद कसला? अलार्मचे फोटो, यूपीआयच्या पावत्या, सगळं टेबलावर ठेवलं. कोणी उचलूनही पाहिलं नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणाले, ठाण्यात जा. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर धंद्यासाठी घेतलेली सेवा बसत नाही म्हणे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला ग्राहक कायद्यात सूट असते ना, असं मी म्हटलं. तर म्हणे, तुमच्याकडे तीन कामगार आहेत. तिघांना पगार देतो हाही आता माझा गुन्हा?

असला कोणी तुमच्या मशीनवर काम करून गेला, तर लपवलेले प्रोग्रॅमसुद्धा स्क्रीनवर उघडून दाखव म्हणा त्याला. आडेवेढे घेतले तर तिथेच थांबवा.

बुटीबोरीत कोणी त्याला ॲडव्हान्स दिला असेल, तर भाऊ, पुढचा हप्ता देण्याआधी मोबाईलमध्ये स्टॉपवॉच लावा आणि दहा जॉब सलग काढायला सांगा.