कोलंबिया कॉलेज: कोअर खरंच पेलणार का?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं हे पदवी महाविद्यालय 1754 साली किंग्ज कॉलेज म्हणून सुरू झालं. पण त्याचं खरं बळ 1919 पासूनच्या कोअर अभ्यासक्रमात आहे. पहिल्या वर्षी अभिजात साहित्य, दुसऱ्या वर्षी राजकीय-नैतिक विचार. विषय कोणताही घ्या, हे सुटत नाही. वर्ग साधारण बावीस जणांचे, आठवड्यातून दोनदा जवळपास दोन तासांची चर्चा. व्याख्यानं ऐकून नोट्स पाठ करणारा इथे अडतो, कारण न वाचता आलेला विद्यार्थी लगेच उघडा पडतो.

परकीय भाषेची चार सत्रं किंवा तितकं प्रावीण्यही पूर्ण करावं लागतं. विज्ञान शाखेवाल्यांनी वेळापत्रक पहिल्याच सत्रात आखावं. गणित-भौतिकीची साखळी मागे पडली की शेवटच्या वर्षी ताण येतो.

कोअरचा गाभा मात्र पाश्चात्त्यच आहे. बाकीच्या जगासाठी ‘ग्लोबल कोअर’चे फक्त दोन कोर्स, हे अपुरंच. मुलींना प्रवेश 1983 मध्ये, फारच उशिरा! (बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियात आले ते पदव्युत्तर शिक्षणासाठी, या कॉलेजात नव्हे.)

वाचनाची भूक असलेल्यांनी बिनदिक्कत अर्ज करावा.