पटकथा लिहून झाली, आता ती वाचणार कोण?

नवोदित पटकथाकारापुढे साधारण चार वाटा असतात: स्पर्धा, पैसे भरून अभिप्राय देणारी संकेतस्थळं, निर्मात्याला थेट ई-मेल, किंवा पटकथेतला एखादा प्रसंग स्वतःच चित्रित करणं. पहिल्या तीन वाटांवर पटकथा आधी निर्मात्याच्या हाती पडतच नाही, बहुतेकदा रीडरच्या, म्हणजे पटकथा वाचून चाळणी लावणाऱ्या माणसाच्या, हाती पडते. तो ढिगातली एकेक उचलतो, कथासार आणि मत लिहितो आणि ‘नको’, ‘विचार करा’, ‘घ्याच’ यांपैकी एक शेरा मारतो. या टिपणाला कव्हरेज म्हणतात. ‘घ्याच’ क्वचितच मिळतो. ढिगाचा कंटाळा आलेल्या माणसाला पहिल्या दहा पानांत धरून ठेवता येत नसेल, तर कोणतीही वाट निवडा, फरक पडणार नाही.

स्पर्धेचा मोठा फायदा असा की चांगल्या स्पर्धांत लेखकाचं नाव न पाहता वाचन होतं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीची निकोल फेलोशिप ही स्पर्धा १९८६ पासून चालू आहे आणि ती नवोदितांसाठीच आहे. मात्र २०२५ पासून तिथे थेट प्रवेशिका पाठवता येत नाही; ठरावीक विद्यापीठं, लेखन-कार्यशाळा किंवा ‘ब्लॅक लिस्ट’ हे पैसे भरून अभिप्राय देणारं संकेतस्थळ यांच्यामार्फतच जावं लागतं. स्पर्धेत थांबावं लागतं महिनोन् महिने, आणि बाद झालात तर कारण बहुधा कळत नाही. गल्लोगल्ली उगवलेल्या स्पर्धांची फी भरण्याआधी एवढंच पाहा: मागच्या विजेत्यांना पुढे काम मिळालं का?

ब्लॅक लिस्टबद्दल नेहमी एक गल्लत होते. हॉलिवूडमधल्या फ्रँकलिन लिओनार्ड यांनी २००५ मध्ये सुरू केलेली वार्षिक यादी वेगळी; ती व्यवसायातल्या लोकांना आवडलेल्या, पण अजून चित्रपट न झालेल्या पटकथांची असते आणि तिच्यासाठी अर्ज करता येत नाही. २०१२ मध्ये आलेलं संकेतस्थळ वेगळं. तिथे पटकथा ठेवायलाही पैसे आणि दहापैकी गुण देणाऱ्या अभिप्रायालाही पैसे. स्पर्धेच्या मानाने उत्तर लवकर येतं, पण मीटर चालू असतो, म्हणून कच्चा खर्डा तिथे नेऊ नये. एका रीडरने कमी गुण दिले तर सोडून द्या. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर मात्र पुन्हा लिहायला बसा.

ई-मेलला पैसे लागत नाहीत, म्हणून सगळे आधी तिकडेच धावतात. मोठ्या कंपन्या न मागवलेली पटकथा उघडतही नाहीत. उद्या त्यांनी तशाच कल्पनेवर सिनेमा केला, तर चोरीचा दावा होईल ही भीती असते. त्यापेक्षा तुमच्याच जातकुळीचे एक-दोन छोटे सिनेमे नुकतेच केलेला निर्माता गाठा. लॉगलाइन, म्हणजे गोष्टीचं एक-दोन वाक्यांतलं सार, लिहा, पटकथा जोडू नका, ती मागवू द्या. आवडलीच तर पुढचा प्रश्न ठरलेला: “आणखी काय लिहिलंय?” एकच पटकथा हाताशी असेल तर ही वाट थोडी थांबून धरावी.

चौथी वाट खर्चाची, पण तिथे रीडरला वळसा घालता येतो. हॉलिवूडचा दिग्दर्शक डेमियन शेझेलने ‘व्हिपलॅश’च्या पटकथेतला एक भाग लघुपट म्हणून केला. २०१३ मध्ये त्याला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात लघुपटाचं ज्युरी पारितोषिक मिळालं आणि पुढच्याच वर्षी तिथे पूर्ण चित्रपट झळकला. ती पटकथा त्याआधीच, २०१२ च्या ब्लॅक लिस्ट यादीत आलेली होती, हे सांगायचं सहसा राहून जातं. लघुपट करणारे बहुतेक जण अख्खी गोष्ट दहा मिनिटांत कोंबतात. तसं न करता एक खोली, दोन नट आणि गोष्टीचा जीव असलेला एकच प्रसंग घ्या. चित्र थोडं डावं उजवं चालेल, खराब आवाज चालत नाही.

म्हणजे निवड पटकथाच करते. ऐतिहासिक युद्धपट असेल तर लघुपटाच्या फंदात न पडता स्पर्धा. एका घरात घडणारा भयपट असेल तर आधी तो एक प्रसंग शूट करावा आणि त्याची लिंक लॉगलाइनखाली देऊन छोट्या निर्मात्यांना लिहावं. संवादांवर पेललेलं कौटुंबिक नाट्य सर्वांत अवघड, कारण दोन ओळींत ते नेहमीच साधं वाटतं. त्याला पूर्ण वाचणारा माणूस हवा, आणि तो पैसे भरून मिळत असेल तर मी तरी एकदा भरीन.