अडचणीच्या जागेतील रिव्हेट आणि टंगस्टनचा बकिंग बार

भोसरीतील एका भाड्याच्या शेडमध्ये माझ्या दोन आसनी विमानाच्या किटचे काम चालू आहे. त्यातील बहुतेक रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे, बसवताना फारशी अडचण आली नाही. खरा छळ केला तो पंखाच्या पुढच्या कडेतील आणि शेपटीच्या निमुळत्या भागातील मोजक्या रिव्हेटांनी. तेथे हात जातो, पण रिव्हेटच्या मागे आधाराला धरायचा पोलादी ठोकळा जात नाही, आणि जाईल एवढा लहान ठोकळा घेतला तर त्याला रिव्हेट ठोकणाऱ्या गनचे ठोके पेलवत नाहीत. म्हणून मी पोलादापेक्षा कितीतरी जड अशा टंगस्टन मिश्रधातूचा बकिंग बार, म्हणजे असाच आधाराचा ठोकळा, परदेशातून मागवला.

बारचे माप २५ बाय २५ बाय ९० मिलिमीटर असून त्याचे वजन १ किलोला थोडेसेच कमी भरते. याच मापाचे पोलाद ४४० ग्रॅमच्या आसपास भरेल. हा फरकच कामाचा आहे. गनचा ठोका बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर पडतो, आत धरलेला बार आपल्या जडपणाने तो अडवतो, आणि या दोहोंमध्ये देठाचे टोक चेपून दुसरे डोके तयार होते. बार हलका असला तर तो मागे उसळतो, ठोके वाढत जातात आणि त्या माराने धातू कडक होऊन पुढे नीट चेपला जात नाही. १/८ इंची रिव्हेटचे आतले डोके सुमारे ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच व्हावे लागते. या बारने ते पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी ठोक्यांत होते.

तक्रारी दोन आहेत. बारच्या कडा धारदार आल्या होत्या, आणि पहिल्याच आठवड्यात तो हातात कलल्यामुळे रिबच्या (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पत्र्याच्या फासळीच्या) कडेला पोचा पडला. चूक माझी होती, पण कडा गोलसर केलेल्या असत्या तर इजा कमी झाली असती. आता बाजूंवर कापडी चिकटपट्टी आहे. ठोका झेलणारा पृष्ठभाग मात्र स्वच्छ आणि उघडाच ठेवावा लागतो. दुसरी तक्रार किमतीची, कारण पोलादी ठोकळ्याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात.

वजनाचा त्रासही होतो. रिबच्या भोकातून कोपर वाकवून किलोभर धातू सरळ धरला की मनगट लवकर भरून येते. गन पत्नी चालवते. दोघांच्याही कानांवर संरक्षक असल्याने मी दिलेला होकार तिला ऐकू जात नसे, म्हणून बार जागेवर बसला की मी पत्र्यावर आतून दोन टिचक्या मारतो आणि मगच ती ट्रिगर दाबते.

तिरका बसलेला रिव्हेट ड्रिलने काढावाच लागतो. एडी प्रकारच्या, म्हणजे विमानात नेहमी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या, रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो, त्यामुळे ड्रिलचे टोक घसरत नाही. फक्त डोक्यापुरतेच खोल जावे, म्हणजे पत्र्याचे भोक मोठे होत नाही.

रडरच्या, म्हणजे शेपटीवरील उभ्या हलत्या पृष्ठभागाच्या, मागच्या कडेत मात्र हा बारही शिरत नाही. तेथे माझ्या किटच्या आराखड्यात एका बाजूने ओढून बसवायचे रिव्हेट दिले आहेत आणि ते नेमके त्याच प्रकारचे वापरावेत. पुण्याच्या बोहरी आळीतील बाजारात सहज मिळणारे पॉप रिव्हेट दिसायला तसेच असले तरी विमानाच्या सांगाड्यात त्यांना जागा नाही. मोकळ्या जागी मी अजूनही जुना पोलादी ठोकळाच उचलतो.